सगळ्यांचा डोळा एकच

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोरच्या पडद्यावर कॅमेऱ्यानं टिपलेला डोळ्याचा आतला भाग, एक लालसर गोळा, उमटला. त्यावर रक्ताचे ठिपके, पिवळे डाग. पांढरा कोट चढवलेल्या, पण डॉक्टर नसलेल्या 'दृष्टिदात्या'नं खुर्चीतल्या आजींना सांगितलं, की साखरेनं हा डोळा आतून पोखरलाय. त्यानं डोळ्यात दोन थेंब सोडले, कपाळावर अंगठा दाबला.

"घशाशी गोड लागतंय ना? साखर सुटतेय."

आजी म्हणाल्या, लागतंय. पुन्हा फोटो काढला. पडद्यावर नितळ, स्वच्छ डोळा. हॉलभर हात जोडले गेले.

तिसऱ्या रांगेत मामासोबत आलेल्या भाचीला ही लबाडी ओळखू येत होती. अकरा वर्षं ती डोळ्यांच्या दवाखान्यात असेच फोटो काढत होती. मधुमेहात डोळ्याच्या आतल्या बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, फुटतात. माणसाला पत्ता लागण्याआधी फोटोत ते दिसतं. आणि डोळ्यात घातलेलं औषध घशात उतरतं, हेही तिला रोज पेशंट सांगत. थेंबातच गोडी कालवली की झालं.

शेजारी तिचा मामा बसला होता, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. चार महिन्यांपूर्वी इथेच त्याचा उजवा डोळा 'बरा' झाला होता. त्यानं इन्सुलिन सोडलं, दवाखान्यातली लेझर उपचाराची तारीख चुकवली. त्यानं ऐकावं म्हणून मामीनं अन्नपाणी सोडून पाहिलं. भाचीशी तो वाद घाली, की तुझ्या मशीननं रोग दाखवला तर खरं आणि याच्या मशीननं बरा दाखवला तर खोटं कसं? इथून मिळालेला 'बऱ्या' डोळ्याचा फोटो मात्र कुणाला दाखवत नसे, दाखवला की गुण जातो म्हणे.

मग गेल्या आठवड्यात डाव्या डोळ्यात रक्त उतरलं आणि त्या बाजूला अंधार झाला. तेव्हा कुठे त्यानं तो फोटो तिच्या हाती दिला. डोळ्याची नस जिथून आत शिरते तिथली फिकट चकती उजव्या डोळ्याच्या फोटोत उजवीकडे येते. इथे ती डावीकडे होती. हा मामाचा उजवा डोळा नव्हताच. तिनं घसा कोरडा केला, पण मामाचं एकच पालुपद: आता तो डावाही बरा करील. शेवटी ती स्वतःच त्याला घेऊन आली.

मामाची पाळी आली. पहिला फोटो निघाला, थेंब घातले, अंगठा दाबून झाला. त्याला कॅमेऱ्यासमोर नीट बसवण्याच्या निमित्तानं तिनं भिंगावर झाकण सरकवलं. दृष्टिदात्यानं बटण दाबलं. पडद्यावर तोच नितळ डोळा.

"मामा, हात लावून बघ," ती म्हणाली. "भिंगावर झाकण आहे."

मामानं बोटांनी चाचपलं. झाकण जागेवरच होतं.

दैवी शक्तीला झाकण आड येत नसतं, असं दृष्टिदाता म्हणाला, आणि ते म्हणताना हसलासुद्धा. त्या हसण्याची तिला किळस आली. तिनं आजींचा 'बरा' फोटो मागून घेतला, मामाच्या फोटोशेजारी धरला आणि पुढच्या रांगेत फिरवला. रक्तवाहिन्यांच्या फांद्या माणसागणिक वेगळ्या असतात, बोटांच्या ठशांसारख्या. इथे फांदी न् फांदी जुळत होती. लोकांनी आपापल्या खिशांतले फोटो काढले. सगळ्यांचा डोळा एकच. पहिला फोटो ज्याचा त्याचा होता. दुसरा मशीनमध्ये आधीच भरून ठेवलेला.

मागून एक गृहस्थ चिडून म्हणाले, "पण मला बरं वाटतंय त्याचं काय?"

"वाटणारच," ती म्हणाली. "हा रोग दुखत नाही. म्हणून तर याचं फावतं."

कुणीतरी बोलावलेले पोलीस आले तेव्हाही चारपाच जण त्याच्या पाया पडत होते.

मामाचा उजवा डोळा लेझरनं वाचला. डावा गेला. तो आता एका डोळ्यानं पाट्या रंगवतो आणि अक्षराची रेघ वाकडी गेली की पुसून पुन्हा ओढतो.

मधुमेह असेल तर डोळे दुखण्याची वाट पाहू नका. वर्षातून एकदा दवाखान्यात जाऊन ते आतून तपासून घ्या. इन्सुलिन बंद करा असं कुणी म्हणालं, तर त्याला पुरावा मागा, आणि तो पुरावा दुसऱ्या जाणकाराला दाखवा. श्रद्धेपोटी प्रश्न गिळाल, तर डोळे तुमचे जातील, त्याचे नाहीत.