सात तोंडांची डबी

मित्रांनो, मी गोळ्यांची एक जुनी डबी आहे. आठवड्याचे सात वार, म्हणून माझे सात कप्पे आणि सात झाकणं. कारखान्यातून आले तेव्हा झाकणांवरची अक्षरं ठसठशीत होती, आता पार पुसली आहेत. एका शिंपीआजोबांच्या मशीनवर, रिळांच्या गर्दीत मी राहते. आजी दर रविवारी मला भरते आणि म्हणते, "हिच्यामुळेच यांचं ब्लडप्रेशर ताळ्यावर आहे." तेवढंच काय ते माझं कौतुक!

त्यांची गोळी नावाजलेल्या कंपनीची आणि भलतीच महाग. ती आणायची म्हटलं की दोघांची तोंडं उतरायची. मग एकदा औषधवाल्याने वेगळंच पाकीट दिलं. नाव निराळं, गोळी पिवळीऐवजी पांढरी आणि किंमत अगदी थोडी. आजी हरखली. आजोबांनी मात्र गोळी उजेडात धरून नाक मुरडलं.

"एवढी स्वस्त? म्हणजे पातळच असणार. पातळ अस्तर आपण दुहेरी लावतो की!" असं पुटपुटत त्यांनी सोमवारी सोमवारची गोळी घेतली, आणि लगेच मंगळवारचीही. मग रोज दोन-दोन!

अहो आजोबा, ही गोळी आहे, अस्तर नव्हे! माझा जीव नुसता वरखाली होत होता. पण डबीचं ऐकतो कोण? आजी रोज माझ्यावरची धूळ पुसायची, पण एक झाकण उचलून बघेल तर शपथ! असा संताप आला म्हणून सांगू!

गुरुवारी आजोबा मशीनवरून उठले आणि चक्कर येऊन खालीच कोसळले. आजी धावली. "अहो, काय होतंय? गोळी घेतली ना?" म्हणत तिने मला उघडलं. सातही कप्पे रिकामे! तिला रडूच फुटलं.

डॉक्टरांनी वेळीच सावरलं. परतताना आजीने मला औषधवाल्यापुढे आपटलं आणि दुहेरी गोळ्यांचा प्रकार सांगितला.

तो म्हणाला, "आजोबा, औषध तेच, ताकदही तेवढीच. आधी एकाच कंपनीला ते बनवायचा हक्क होता. त्याची मुदत संपली, आता इतरही बनवतात, म्हणून स्वस्त झालं. मला विचारायचं तरी!"

"आणि तू आपणहून सांगायचं नाहीस?" आजी कडाडली.

आता आजोबा एकच गोळी घेतात, तीही आजीसमोर.

माझा राग मात्र अजून उतरलेला नाही. बोलता येणारी तीन माणसं होती, पण वेळेवर कुणीच बोललं नाही. मित्रांनो, मला सात तोंडं आहेत आणि एकातूनही शब्द फुटत नाही. तुमचं तोंड बोलतं ना? मग औषध बदललं, तर तोंड आधी विचारायला उघडा, मग गोळी घ्यायला.