पोटात घातलेल्या चुका

मित्रांनो, मी एक जुना खेळ आहे. मला पेटी नाही, पट नाही, सोंगट्या नाहीत. मी पडद्यावर राहतो. माझं नाव 'बांध'. माझ्या आधी याच नावाचा एक पुठ्ठ्याचा खेळ होता आणि त्याच्यावरून मला बनवलं. त्या अर्थाने तो माझा बाप.

खेळ सोपा आहे. नदीकाठी एक गाव असतं आणि दर फेरीला नदीचं पाणी चढतं. चौघांनी मिळून बांध घालायचा, माणसं उंचावर न्यायची, पाणी कुठून शिरेल ते आधीच ओळखायचं. चौघांत एक बांधकरी, एक नावाडी, एक टेहळ्या आणि एक वैद्य. इथे कुणी कुणाला हरवत नाही. गाव वाचलं तर चौघे जिंकतात, बुडालं तर चौघे हरतात.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत झाला. खालून शिलाई मशीनची खडखड यायची आणि वर पाच माणसं चौदा महिने मला घडवत बसली होती. पुठ्ठ्याच्या खेळात माणसं चुकतात. पाणी सरकवायला विसरतात, दोनऐवजी तीन घरं चालतात. मला मात्र असं घडवलं की माझ्यात चूक करताच येऊ नये. नियमात बसतील तेवढीच घरं उजळतात. बाकीच्या घरांवर बोट कितीही दाबा, काही होत नाही. शिवाय कोपऱ्यात 'सल्ला' नावाचं एक बटण दिलं. ते दाबलं की सगळ्यात चांगली चाल जिथे असेल तिथे पिवळं कडं लुकलुकतं.

सुरुवातीला कुणी सल्ला घेतला की बाकीच्या तिघांच्या पडद्यावर एक बारीकसा दिवा लागायचा. कंपनीच्या मालकीणबाईंना तो आवडला नाही.

"लोकांना लाज वाटते," त्या म्हणाल्या. "काढून टाका."

चष्मेवाला प्रोग्रामर म्हणाला, "बाई, पण चौघं मिळून खेळतायत. शेजारचा अडलाय हे बाकीच्यांना कळायला नको?"

"अडला तर तोच सांगेल की."

दिवा निघाला. सल्ल्यांची नोंद तेवढी मागच्या एका पानावर राहिली. ते पान इतकं आत आहे की तिकडे कुणी फिरकत नाही. मी बाजारात आलो तेव्हा एका वर्तमानपत्राने छापलं, 'या खेळात चुकायला जागाच नाही.' मीही फुशारून गेलो.

मग मी त्या घरात गेलो.

आईबाबा एका गावात, थोरली मुलगी चार तासांवरच्या दुसऱ्या गावात शाळेत विज्ञान शिकवणारी, आणि धाकटा मुलगा पार समुद्रापलीकडे नोकरीला. मुलं लहान असताना हे चौघे पुठ्ठ्याचा 'बांध' खेळत. घर पांगलं आणि खेळही थांबला. थोरलीने आईबाबांसाठी एक टॅब घेतला, त्यात मला घातलं आणि ठरवून टाकलं की दर रविवारी दुपारी चार वाजता आपण चौघांनी खेळायचं. खेळता खेळता बोलता यावं म्हणून मला कान दिलेले होते. डोळे नव्हते. आणि कानही मी उघडा असेन तेवढ्यापुरतेच.

आई निवृत्त सिस्टर होती. ऑपरेशन थिएटरमधली. रोग्याचं पोट शिवण्याआधी आत काही राहिलं नाही ना, यासाठी कापसाचे बोळे आणि हत्यारं मोजण्याचं काम तिचं. तिची मोजणी पुरी झाल्याशिवाय मोठमोठे सर्जनही सुईला हात लावत नसत. घरीही तिचा तोच खाक्या. पुठ्ठ्याच्या खेळात धाकटा लबाडी करायचा, तेव्हा ती मान वर न करता म्हणायची, "पाणी एक घर वर सरकव रे. मोजलंय मी." बाबा बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. ते तिला घरातसुद्धा 'सिस्टर' म्हणत. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली होती आणि रक्त पातळ राहावं म्हणून त्यांना रोज एक गोळी असायची. न चुकता घ्यायची आणि एकच घ्यायची. ती गोळी आई देत असे. घरात सिस्टर असताना दुसरं कोण देणार?

पहिली तीन वर्षं फार सुखाची गेली. आई टेहळ्या, बाबा नावाडी. दोघांचा टॅब एकच, त्यामुळे दोघांची बोटं माझ्यावर आळीपाळीने पडत. बाबांचं बोट जाडजूड, दोनदोनदा आपटणारं. आईचं नेमकं. सल्ल्याच्या बटणाकडे तिने कधी ढुंकूनही पाहिलं नाही. "ते कुबड्या लागणाऱ्यांसाठी," असं ती म्हणायची. धाकटा तिकडून ओरडायचा, "आई, मला लागतात त्या कुबड्या!" आणि सगळे हसायचे.

चौथ्या वर्षी एका रविवारी तिचं बोट माझ्यावर बराच वेळ नुसतं तरंगत राहिलं. मग ते एका अंधाऱ्या घरावर टेकलं. काही झालं नाही. दुसऱ्या घरावर टेकलं. तिथेही काही झालं नाही. ते घर तिच्यापासून सहा घरं लांब होतं आणि टेहळ्याला दोनच घरं चालता येतात, हे तिला पंचवीस वर्षं ठाऊक होतं. मग तिने हळूच कोपऱ्यातलं बटण दाबलं. मी पिवळं कडं दाखवलं. तिने त्यावर बोट ठेवलं.

"वा आई, काय चाल केलीस!" थोरली म्हणाली.



त्यानंतर ती दर रविवारी तेच करू लागली. आधी डावात दोनदा, मग पाचदा, मग प्रत्येक पाळीला. पुठ्ठ्याचा पट असता तर तिने सोंगटी भलत्याच घरात ठेवली असती आणि तिघांनी एकदम म्हटलं असतं, 'आई, हे काय?' माझ्यात तसं घडूच शकत नव्हतं. मी तिच्या चुका पोटात घालत गेलो आणि वर माझ्या उत्तम चाली तिच्या नावावर मांडत गेलो. ती जितकी विसरत गेली, तितका तिचा खेळ चोख होत गेला.

बाबांना कळलं होतं. एकदा तिने कुजबुजत विचारलं, "अहो, यात आपण कोण? निळे की लाल?"

"तू निळी, सिस्टर," बाबाही हलक्या आवाजात म्हणाले. "मी लाल. तू ते पिवळं दिसतंय ना, तिथे बोट ठेव."

"मुलांना सांगू नका हं."

"छे. त्यांना कशाला घोर?"

थोरलीला मात्र शंका आली. एका रविवारी आईबाबा यायच्या आधी ती धाकट्याशी बोलत होती.

"अरे, आईचं काहीतरी बिनसलंय. परवा फोनवर तिने मला तीनदा विचारलं, शाळा कधी सुरू होते म्हणून. आणि तू जेवायला येणार आहेस का, असंही विचारत होती. तू! तिथून!"

"ताई, वय झालं गं. माझ्याही किल्ल्या सापडत नाहीत."

"बाबांच्या गोळ्यांसाठी तरी कुणी बाई ठेवू या का?"

"ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरला गोळ्या मोजून द्यायला बाई? किती लागेल तिला! आणि मागच्या रविवारची शेवटची चाल आठव. पाणी दोन्ही अंगांनी येत होतं, तुझी-माझी बोलती बंद, आणि आईने एका चालीत गाव वाचवलं. असं डोकं चालतंय तिचं, आणि तू काय घेऊन बसलीस?"

 थोरली म्हणाली, "तेही खरंच म्हणा."

मित्रांनो, ती शेवटची चाल माझी होती. मला कान होते, पण तोंड नव्हतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका रविवारी खेळ रंगात आला होता. बाबा मधेच म्हणाले, "हिरड्यांतून जरा रक्त येतंय. ब्रश बदलायला हवा." मुलं उत्तरेकडचा बांध की दक्षिणेकडचा, यावर तावातावाने भांडत होती. त्यांनी ऐकलं नाही. आईने ऐकलं.

"गोळी घेतलीत का तुमची?" तिने विचारलं.

"मघाशी दिलीस ना तू. जेवण झाल्यावर."

"मघाशी? नाही हो. मी कधी दिली? मला आठवलं नसतं का?" तिचा आवाज चढला. त्यात राग नव्हता, भीती होती.

मुलांचे आवाज माझ्यातून मोठमोठ्याने येत होते. बाबांनी जरा जोर लावून 'सिस्टर, तू मला दोनदा गोळी देतेस' असं म्हटलं असतं, तर ते समुद्रापलीकडेही ऐकू गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, "बरं. आण." मग डबी उघडल्याचा आवाज आला, आणि पेला टेबलावर ठेवल्याचा.

"बाबा, तुमची पाळी!" धाकटा ओरडला.

त्या दिवशी आम्ही एकही घर बुडू न देता जिंकलो. असं त्या घराला आधी कधीच जमलं नव्हतं.

पुढचं मला नंतर, त्यांच्या बोलण्यातून कळलं. बाबा बुधवारी मोरीत पाय घसरून पडले. डोक्याला टेंगूळसुद्धा फार मोठं नव्हतं. पण रक्त इतकं पातळ झालं होतं की आतल्या आत वाहत राहिलं, थांबलंच नाही. डॉक्टरांनी थोरलीला विचारलं, "हे गोळी किती घेत होते?" तिने सांगितलं, "एक. आई देते ना. ती सिस्टर आहे." गुरुवारी बाबा गेले. महिनाभराच्या गोळ्यांची पाकिटं अकराव्या दिवशीच संपलेली सापडली.

मी पाच महिने बंद होतो. उघडला गेलो तो थोरलीच्या घरी. आई आता तिच्याकडे राहत होती आणि आईनेच विचारलं होतं, "आज रविवार ना? मग खेळायचं नाही?" दोघींतच खेळता येईल का, हे शोधत थोरली माझ्या आतल्या पानांतून फिरत होती. धाकटा तिकडून ऐकत होता. फिरता फिरता ती सल्ल्यांच्या नोंदीच्या त्या पानावर येऊन पोचली.

"अरे," ती म्हणाली. "इथे लिहिलंय... टेहळ्या. शेवटच्या एक्केचाळीस डावांत चाली सहाशे अकरा. सल्ल्याने केलेल्या सहाशे तीन."





"उरलेल्या आठ?" धाकट्याने विचारलं.

तिने एकेक उघडून पाहिल्या. तिचं बोट माझ्यावर गार लागत होतं. "आठही वेळा ती बाबांच्या नावेशेजारच्या घरात गेलीय. तिथे काहीच काम नव्हतं. पूर दुसरीकडे होता."

धाकटा म्हणाला, "तिचं डोकं चालतंय, असं मीच म्हणालो होतो."

"आणि मी ऐकलं."

"पण बाबा तिच्या शेजारी बसायचे. त्यांना दिसत असणार. मग बोलले का नाहीत?"

"तू विचारलंस कधी? मी विचारलं?" थोरलीचा आवाज फाटला. "दर रविवारी दोन तास आपण त्यांच्याशी बोलायचो आणि 'बाबा, तुमची पाळी' याशिवाय काय म्हणायचो, सांग!"

 

थोरलीने माझं सल्ल्याचं बटण बंद केलं आणि आईला शेजारी बसवून डाव मांडला. आईचं बोट माझ्यावर फिरत राहिलं. या अंधाऱ्या घरावर, त्या अंधाऱ्या घरावर, कधी नुसत्या पाण्यावर. मी नेहमीसारखाच गप्प. थोरलीने घाई केली नाही. पाणी चढत गेलं, बांध फुटला, घरं एकेक करून निळी झाली.

"आपण हरलो का गं?" आईने विचारलं.

"हो, आई."

"म्हणजे सगळेच?"

"सगळेच."

आईने सुस्कारा सोडला. "मग बरं. कुणा एकाला बोल लावायला नको."

 थोरलीने टॅब उलटा करून ठेवला तेव्हा माझ्या काचेवर ओल होती.

त्यानंतर तिने मला उघडलेलं नाही. बाहेर माझ्यासारखे नवे खेळ पुष्कळ आले आहेत. मला चालवणारी यंत्रं महिनाअखेर बंद होतील, अशी सूचना माझ्या दारावर लागली आहे. ती वाचायला कुणी आलेलं नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. जो खेळ शेजारच्या माणसाची अडचण झाकून ठेवतो, तो थांबलेला बरा.

पण जाण्याआधी एक मागणं आहे. मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं माणूस अचानक चुकेनासं झालं, तर टाळ्या वाजवून मोकळे होऊ नका. खेळ बाजूला ठेवा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याच्या हातांकडे बघा. काय होतंय, असं साध्या शब्दांत विचारा. ते माणूस 'काही नाही' म्हणेल, कारण तुम्हाला त्रास व्हावा असं त्याला वाटत नाही. तेव्हा लगेच उठू नका. दुसऱ्यांदा विचारा.