ट्रुडलाच्या धुराड्यातला धूर

समोरच्या घरातली ट्रुडला काहीतरी लपवत होती, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

नगरपालिकेने तिच्याकडे घर तापवायचं विजेचं यंत्र फुकट बसवलं. अट एकच, कोळशाची शेगडी कायमची काढायची. आणि हिच्या धुराड्यातून रोज सकाळी धूर.

"यंत्र फसवं निघालंय," मी नवऱ्याला म्हणाले. "लाजेपायी सांगत नाही बया."

आलोइझ नुसता खोकला. जन्म खाणीत गेला, छातीत कोळशाची धूळ बसली. घरात शेगडी नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण शेगडी दिली आणि यंत्र बंद पडलं, तर सायलेशियाच्या थंडीत या माणसाला मी कशाने ऊब देणार? खाण बंद करतानाही साहेब लोक असेच गोड बोलले होते. म्हणून आमच्या यंत्राच्या कागदावर माझी सही अडली होती.

"जाऊन विचार की तिला," तो म्हणाला. "पडद्याआडून पोलिसगिरी कशाला?"

खसखशीच्या केकचं निमित्त करून गेले. आत इतकी ऊब, की कोट काढावा लागला. म्हणजे यंत्र ठणठणीत. माझा संशय आणखीच वाढला. जळका वास तळघरातून येत होता, तशी सरळ खाली उतरले. कपडे उकळायच्या जुन्या चुलीत ट्रुडला ओली लाकडं सारत होती.

"हे काय चाललंय तुझं? कुणी तक्रार केली तर यंत्र उचलून नेतील. आणि हा धूर आलोइझच्या छातीत जातो, त्याचं काय?"

ती ओशाळली. "माझा नवरा एर्विन घरात एकटाच गेला तेव्हा मी इस्पितळात होते. धुराडं थंड दिसलं म्हणून तूच धावत आलीस. गल्लीत असंच कळतं ना सगळं? आता यंत्रामुळे धूरच नसला, तर मी पडले-झडले कुणाला कळणार? तू बघतेस ना गं अजून?"

बघत होते. रोज, तिची चोरी पकडायला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बघते," मी म्हणाले. "पण धूर नको. उठलीस की पडदा वर कर. मीही करीन."

मग मी सही केली. आमची शेगडी गेली, यंत्र आलं.

काल सकाळी दार धडाधडा वाजलं. ट्रुडला घरातल्या चपलांवरच बर्फ तुडवत आली होती. "पडदा का नाही गं वर तुमचा?"

"झोप लागली," मी म्हणाले. "आलोइझ रात्रभर खोकलाच नाही."