दोरा हलला

बास मासा पकडायला अक्कल लागते असं धाकटा म्हणायचा, आणि ती दादाकडे नाही असंही लगेच पुढे म्हणायचा. दोघे भाऊ एकाच दुकानात बसत. दुकान कोट-सूट शिवण्याचं. दादा मापं घ्यायचा, कापड बेतायचा आणि गिऱ्हाइकांशी तोंड दुखेपर्यंत गप्पा मारायचा. धाकटा मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून हातशिलाई करायचा. कॉलरची आतली बाजू, काजं, अस्तर, जिथे मशीनची सुई पोचत नाही ते सगळं त्याच्याकडे. सुट्टीच्या दिवशी दोघे गळकाठ्या घेऊन तळ्यावर जायचे आणि तिथे मात्र दादाला धाकट्याची बोलणी खावी लागायची.

धाकट्याचं शास्त्र पक्कं होतं. ऊन चढलं की बास सावलीला जातो, म्हणून पडलेल्या झाडाच्या फांद्यांत गळ टाकायचा. पाणी गढूळ असेल तर काळं रबरी गांडूळ लावायचं, नितळ असेल तर फिकट. ते तळाला टेकू द्यायचं आणि मग हात आवरायचा. बास काही आमिष घेऊन पळत सुटत नाही. तो ते नुसतं तोंडात ओढून घेतो, दोऱ्याला एवढीशी टिचकी बसते, आणि चव पटली नाही तर दुसऱ्या क्षणी थुंकून मोकळा होतो. त्या टिचकीला गळकाठीने झटका द्यायचा. सगळा खेळ त्या टिचकीचा.

दादाला ती कधी कळली नाही. त्याने दगडांना झटके दिले, शेवाळाला दिले, एकदा तर गळ मागे जाऊन स्वतःच्याच टोपीत अडकला तेव्हा टोपीलाही दिला. "मोठा आहे रे!" असं वर ओरडला. धाकटा हसून हसून होडीत आडवा झाला. तो स्वतः दोरा तर्जनीवर घ्यायचा, डोळे मिटायचा आणि सांगत बसायचा, "हा दगड. हे लाकूड. हे शेवाळ. आणि हे बघ, आले पाहुणे." पाहुणे आलेलेच असायचे. पकडलेला मासा तो पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा. त्याला मासा नको होता, ती टिचकी हवी होती.

मग धाकटा आजारी पडला. आजार वाईट होता आणि औषधं त्याहून जहाल होती. त्यातून तो वाचला, घरी आला, केसही परत आले. पण औषधांनी जाता जाता हातांच्या बोटांतली जाणीव काढून घेतली. कप हातात आहे की नाही ते त्याला बघितल्याशिवाय कळेना. डॉक्टर म्हणाले, नसा दुखावल्या आहेत, सुधारायच्या तर वर्षभरात सुधारतील, त्यानंतर फार आशा धरू नका. धाकटा तरीही दुकानात येऊन बसला. एके दिवशी एका पांढऱ्या कोटाच्या कॉलरवर लाल ठिपके दिसले. सुई केव्हाची बोटात जात होती आणि त्याला पत्ताच नव्हता. त्याने कोट घडी करून बाजूला ठेवला, बोटातलं अंगुस्तान, ती सुई ढकलायची धातूची टोपी, काढून ठेवलं आणि घरी गेला.

डॉक्टर दर खेपेला टाचणी टोचून विचारायचे, कळतंय का? धाकटा म्हणायचा, नाही. "पण टोचणं वेगळं आणि टिचकी वेगळी," तो दादाला सांगायचा. "टिचकी बोटाला नाही, आत कुठेतरी कळते. डॉक्टरने आयुष्यात बास पकडलाय का? बास काय तो निकाल देईल." थंडीत तळ्यावरच्या होड्या शेडमध्ये जायच्या. त्याआधी एक जरी टिचकी कळली तर तो पुन्हा खिडकीपाशी बसणार होता. नाही कळली तर दुकानाचं नाव काढायचं नाही, असं त्याने बायकोला आणि दादाला बजावून ठेवलं होतं. उन्हाळा गेला, पाऊस गेला, एकही कळली नाही. आता शेवटचा रविवार उरला होता.

त्या सकाळी दादा त्याला न्यायला गेला तेव्हा धाकट्याची बायको चहाचा थर्मास घेऊन जिन्यापर्यंत आली. धाकटा खाली गाडीत गळकाठ्या ठेवत होता.

"दादा, आज काहीही करा," ती हळूच म्हणाली. "रात्री उठून बसतात. हात उशाखाली दाबून ठेवतात आणि बघतात मुंग्या येतात का. मुंग्या आल्या तरी चालतील म्हणतात."

"अगं, मासा काय माझ्या सांगण्यातला आहे?"

"माहीत आहे. तरी म्हटलं."

दादाने थर्मास घेतला. 

तळ्यावर होड्या भाड्याने देणाऱ्या माणसाला सगळे सल्लागार म्हणत. त्याने कधी मासा पकडलेला कुणी पाहिला नव्हता, पण सल्ला दिल्याशिवाय तो वल्ही हातात देत नसे. "पाणी गढूळ आहे, काळं गांडूळ लावा," तो म्हणाला. "पलीकडच्या काठाला ते झाड पडलंय ना, तिथे जा. आणि दोऱ्यावर नजर ठेवा. हाताला नाही कळलं तरी डोळ्यांना कळतं. दोरा आडवा चालायला लागला की झटका."

सल्ला बरोबर होता, म्हणून धाकट्याचं तोंड आणखी आंबट झालं. होडी काठापासून सुटल्यावर तो म्हणाला, "डोळ्यांनी पकडायचा असता तर जाळंच आणलं असतं. मी डोळे मिटणार. आणि दादा, तू काही बोलायचं नाहीस. दोरा पळू दे, तुटू दे, गळकाठी पाण्यात जाऊ दे. तोंडातून हूं का चूं काढायचं नाही. शपथ घे."

"घेतली."

"तुझ्या शपथेचा काय भरवसा? तुझ्या पोटात काही राहतं का?"

"अरे, घेतली म्हणतोय ना!"

गळ बांधायचं काम आता दादाकडे आलं होतं. बारीक दोऱ्याची गाठ धाकट्याच्या बोटांत टिकत नव्हती. दादाने गाठ घातली आणि ओढली. "कोरडीच ओढलीस ना?" धाकटा म्हणाला. "आधी ओली कर. कोरडी गाठ दोऱ्याला जाळते. किती वर्षं सांगतोय." दादाने ती तोडली, दुसरी घातली, थुंकी लावून आवळली. गाठ बरी बसली. धाकट्याने ती डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, कारण बोटांनी चाचपून उपयोग नव्हता. त्याला असं बघताना पाहून दादाने नजर वळवली. त्याने उगाच वल्ही सारखी केली.

झाडापाशी पोचल्यावर धाकट्याने गळ टाकला. टाकणं अजून तसंच सुंदर होतं, मनगटाचं काम होतं ते, बोटांचं नव्हे. दोन फांद्यांच्या मधे गांडूळ आवाज न करता पाण्यात शिरलं. त्याने दोरा तर्जनीवर घेतला आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याने जोरात झटका दिला. वर आलं ते शेवाळ. दुसऱ्यांदा दिला तेव्हा गळ लाकडात रुतला आणि होडीच झाडाकडे ओढली गेली. दादाने तो सोडवून दिला. एरवी त्याने यावर चार विनोद केले असते. त्याला टोपीची आठवणही झाली, पण ती त्याने गिळून टाकली.

"लाकूडच होतं," धाकटा म्हणाला. "पण काहीतरी कळल्यासारखं वाटलं. तुला काय वाटतं, कळलं असेल?"

"असेल की."

"तू मला समजावू नकोस."

 ऊन फांद्यांवर आलं. सल्लागार काठावर होडी उलटी करून तिला रंग देत होता. धाकट्याचा चेहरा मिटल्या डोळ्यांनी शांत दिसत होता, आणि दादाला वाटलं की आता हा कंटाळून गळ गुंडाळेल, आपण चहा पिऊ आणि घरी जाऊ, आणि उद्यापासून मागची खोली कायमची रिकामी राहील. त्या विचाराने तो दोऱ्याकडे बघत राहिला.

दोरा हलला.

आधी एक बारीक उडी. इतकी स्पष्ट की दादासारख्या दगडालाही कळावी. मग दोरा पाण्यावरून आडवा सरकू लागला, फांद्यांच्या आतल्या बाजूला. धाकट्याच्या तर्जनीवरून तो घासत जात होता आणि धाकटा डोळे मिटून तसाच बसला होता. त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. दादाने दात आवळले. त्याने शपथ घेतली होती. त्याला जिन्यातली भावजय आठवली. दोरा आणखी हातभर सरकला. आता कुठल्याही क्षणी बास गांडूळ थुंकणार होता, आणि वर्षभराचा निकाल त्याच्या डोळ्यांदेखत लागणार होता.

दादा खोकला. तो खोकला आला की आणला, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

धाकट्याने झटका दिला. गळकाठी वाकली ती थेट पाण्याला टेकली. रीळ करकरलं. बास पाण्याबाहेर उसळला, जबडा उघडून डोकं झाडलं आणि पुन्हा खाली गेला. "लागला!" धाकटा ओरडला. "दादा, लागला रे! होडी फिरव, झाडात जाईल तो!" दादाने वल्ही मारली. मारता मारता तो रडत होता आणि हसत होता. धाकट्याने माशाला झाडापासून तोडून मोकळ्या पाण्यात आणलं, दमवलं, होडीच्या कडेला घेतलं आणि अंगठा त्याच्या तोंडात घालून खालचा जबडा धरला. वर उचललेला बास केवढा मोठा होता! इतका मोठा त्या तळ्यात दोघांनीही कधी पाहिला नव्हता.

"कळलं मला," धाकटा म्हणाला. त्याला धाप लागली होती. "तू बघत होतास ना? डोळे मिटलेले होते माझे. कळलं रे! टिचकी नाही म्हणता येणार, पण काहीतरी कळलं. उद्या मी दुकानात येतो. तो पांढरा कोट दिलास का परत?"

"नाही, आहे अजून."

"मग ती कॉलर उसवून पुन्हा करतो. हिला फोन लाव. नको, घरी जाऊनच सांगू."

दादाने मान हलवली. खोकल्याचं सांगावं असं त्याच्या मनात आलंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पोटात काहीतरी राहणार होतं आणि ते त्याने आनंदाने ठेवून घेतलं असतं. वर्षभरानंतर त्याचा भाऊ त्याच्याशी असा भरभरून बोलत होता.

"गळ जबड्यात घट्ट बसलाय," धाकटा माशाकडे बघत म्हणाला. "उपटत बसलो तर मरेल हा. दोरा काप जवळून. गळ पाण्यात गंजून गळून पडतो आपोआप." दादाने कात्रीने दोरा कापला. मासा एकदा जोरात फडफडला, धाकट्याने हात घट्ट केला आणि तो शांत झाल्यावर त्याला हळूच पाण्यात उतरवलं. तसाच धरून पुढे मागे केला, कल्ल्यांत पाणी जावं म्हणून. "जा," तो म्हणाला आणि बोटं सोडली.

मासा गेला नाही.

"जा ना बाबा," धाकटा हसला. "दादा, बघ, जातच नाहीये! माझा लळा लागला याला." त्याने हात हलवला. मासा हाताबरोबर हलला. धाकट्याला ते गमतीचं वाटलं आणि त्याने हात पुन्हा हलवला.

पाणी लाल होत होतं ते दादाला आधी दिसलं. मग तो वाकला. माशाच्या ओठातून आरपार आलेलं गळाचं टोक धाकट्याच्या अंगठ्यात शिरलं होतं आणि नखाशेजारून बाहेर आलं होतं. मासा आणि अंगठा एकत्र शिवले गेले होते. धाकटा अजून हसतच होता. मग त्याने दादाचा चेहरा पाहिला, दादा कुठे बघतोय ते पाहिलं, आणि स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

 तो नुसता त्या अंगठ्याकडे बघत राहिला, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. दादाने पक्कड घेतली. गळाचं टोक मोडलं, उरलेला गळ उलटा फिरवून आधी अंगठ्यातून आणि मग माशाच्या ओठातून काढला. मासा क्षणभर होडीशेजारी तरंगला आणि मग खाली निघून गेला. दादाने रुमाल काढून अंगठ्याभोवती गुंडाळला. लहानपणी धाकटा पडला, कापला, खरचटला की दादाच पट्टी बांधायचा. त्याच सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "दुखतंय का रे?"

विचारलं आणि त्याला स्वतःची जीभ तोडून टाकावीशी वाटली.

धाकट्याने रुमालातून वर येणारं रक्त पाहिलं. "तू खोकलास," तो म्हणाला.

दादाने मान खाली घातली.

"खोकल्यावरच ओढलं मी. मला वाटलं, त्याच वेळी कळलंही असेल." त्याने गुंडाळलेला हात मांडीवर ठेवला आणि तोंड काठाकडे फिरवलं. "चल घरी. तो कोट दुसऱ्या कुणाकडून करून घे."

दादाने वल्ही हातात घेतली. काठावरून सल्लागार हात हलवत ओरडून विचारत होता, मासा केवढा होता? दादा नुसती वल्ही मारत राहिला.