लोखंडी पुलावरची मूठ

रोझेरची पिवळी बर्फगाडी, म्हणजे बर्फावरून धावणारी स्नोमोबाइल, सुरू झाली की बर्फगाडीवाल्यांच्या क्लबच्या अंगणातली माणसं आधी नाक धरत आणि मग हसत. त्या रविवारी सकाळीही तसंच झालं. गाडीच्या पुढच्या झाकणाला चिकटपट्ट्या, फाटक्या गादीवर पोत्याचा तुकडा आणि मागून निळाशार धूर. मॅसॅच्युसेट्सहून आलेल्या पाच जणांची टोळी पेट्रोल भरायला उभी होती. काळे कपडे, काळी शिरस्त्राणं, एकसारख्या नव्या गाड्या.

"म्युझियममधून सुटली वाटतं ही," त्यांच्यातला एक म्हणाला.

"सुटली नाही हो, पळून आलीय," रोझेर म्हणाला. "कुणाला सांगू नका, नाहीतर धरून नेतील."

सगळे हसले. रोझेर सगळ्यांत जास्त हसला. ऑरेल मात्र हसला नाही. त्याची निळी गाडी याच हिवाळ्यात घेतलेली होती, आणि त्या काळ्या गाड्यांच्या ओळीत ती शोभून दिसत होती.

"तुमच्याबरोबर आहेत का हे?" त्या माणसाने ऑरेलला विचारलं.

"गावातलेच आहेत," ऑरेल म्हणाला आणि शिरस्त्राणाची काच खाली ओढली.

रोझेर म्हणजे त्याच्या बायकोचा, झनीनचा, धाकटा भाऊ. तो त्याच्याबरोबरच निघाला होता. दोघांचं दुपारचं जेवणही ऑरेलच्या गाडीच्या पेटीत एकाच डब्यात होतं.

मेन राज्याच्या या वरच्या टोकाला एके काळी बटाट्याच्या आगगाड्या धावायच्या. रूळ उखडून नेले तेव्हा दोघेही तरुण होते. राहिलेल्या भरावाची गावोगावच्या क्लबांनी मिळून वाट केली. जंगलातून, शेतांच्या कडेने, नदीवरच्या लोखंडी पुलांवरून ती लांबच लांब गेली आहे. उन्हाळ्यात तिच्यावर सायकली फिरतात, हिवाळ्यात बर्फगाड्या. बर्फ दाबून वाट सपाट करणारा क्लबचा ग्रूमर रोझेर चालवायचा. त्याला दुसरं काही धड जमलं नाही असं गाव म्हणायचं, पण ग्रूमरच्या खुर्चीत बसला की तो कुणाचं ऐकून घेत नसे. आणि वाटेवरचे नियम शिकवायचं काम ऑरेलचं. दर हिवाळ्यात नवी पोरंपोरी त्याच्यासमोर बाकांवर बसत आणि तो हाताच्या खुणा शिकवी. समोरून कुणी आलं की आपल्या मागे जितक्या गाड्या असतील तितकी बोटं वर करायची. मागे कुणीच नसेल तर मूठ.

"इंजिनांच्या आवाजात तोंडाचं काही कामाचं नाही," तो सांगायचा. "समोरचा तुमच्या हाती जीव सोपवून पुढे येतो."

दुपारी जेवणं उरकून ते परत फिरले. पिवळी गाडी चढाला धापा टाकत मागे राहिली. ऑरेलने एकदा वळून पाहिलं. देवदारांच्या वळणामागे धूर दिसत होता. थांबावं असं वाटलं, पण थांबला नाही. लोखंडी पूल एका वेळी एकाच गाडीच्या रुंदीचा. ऑरेल अर्ध्यावर आला तेव्हा पलीकडच्या टोकाला तीच काळी टोळी वाट पाहत थांबलेली दिसली. सकाळी टोमणा मारणारा सगळ्यांत पुढे होता. तो ऑरेलच्या हाताकडे बघत होता.

एक बोट वर करायचं होतं. लाल हातमोज्यातला ऑरेलचा हात वर गेलाही. पण बोट वर केलं की तो माणूस थांबणार, धुराचा लोट टाकत ती चिकटपट्टीवाली गाडी खडखडत पुलावर येणार, आणि मग काचेमागचे ते डोळे परत आपल्याकडे वळणार. हात वर होता तिथेच मिटला. मूठ झाली.

टोळीतल्या पुढच्याने मान हलवली आणि ऑरेल पार होताच गाडी पुलावर घातली.

थोड्याच वेळात मागून काहीतरी आपटल्याचा आवाज ऑरेलला इंजिनाच्या गोंगाटातही ऐकू आला. तो माघारी वळून पोचला तेव्हा पिवळी गाडी भरावाखाली आडवी पडली होती आणि रोझेरचा पाय तिच्याखाली होता. समोरून गाडी येताना पाहून त्याने स्वतःची गाडी बर्फाच्या ढिगात घातली होती. तो काळ्या कपड्यांतला माणूस गुडघ्यांवर बसून रोझेरचं डोकं सावरत होता आणि रडवेल्या आवाजात एकच गोष्ट परत परत म्हणत होता, "मूठ दाखवली होती हो. मूठ दाखवली होती."

ऑरेलने शिरस्त्राण काढलं नाही. गाडी उचलायला सगळ्यांबरोबर हात लावला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तो बोलायच्या तयारीने गेला. रोझेरचा पाय टांगून ठेवला होता. चेहरा मेणासारखा झाला होता, तरी तोंड चालूच होतं.

"या, दाजी. जेली खाणार? हिरवी आहे. चव मात्र हिरवी नाही."

"रोझेर, पुलावर मी…"

"अपघाताची चौकशी करायला वॉर्डन येऊन गेला," रोझेर मध्येच म्हणाला. "मी सांगितलं त्याला. म्हटलं, फाट्यावरून घरी वळतो असं मी दाजींना सांगितलं होतं, मग मन बदललं आणि मागोमाग आलो. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. झालं, मिटलं."

"असं कुठे झालं?"

"नाही झालं," रोझेर म्हणाला. तो छताकडे बघत होता. "पण तुमचा लाल हातमोजा मला वळणावरनंच दिसला, मिटलेला. ताईने विणलेला. लांबून दिसावा म्हणूनच लाल लोकर घेतली ना तिने." त्याने जेलीची वाटी बाजूला सारली. "ताईला सांगू नका. तिला लागेल."

ऑरेल खुर्चीत बसून राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी आल्यावर त्याने हातमोजे फडताळाच्या तळाशी कोंबले. झनीनने ते शोधून काढले आणि शेगडीजवळ वाळत घातले.

गावात गोष्ट पसरली ती रोझेरच्या शब्दांत. फाट्यावरून वळतो म्हणून सांगतो आणि वळत नाही, आहे की नाही वेडा! किराणा दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर लोक हसून सांगू लागले. ऑरेलला कुणी पाठीवर थाप मारून म्हणे, "तुला किती मनस्ताप दिला त्याने!" ऑरेल मान खाली घाले आणि लोकांना वाटे, भला माणूस, मेहुण्याची लाज झाकतोय.

शनिवारी क्लबात सकाळच्या जेवणाला बैठक होती. झनीन आणि इतर बाया तव्यावर प्लोय टाकत होत्या. प्लोय म्हणजे आपले घावन, कुट्टूच्या पिठाचे, एका बाजूने जाळीदार. क्लबची अध्यक्ष फर्नांद हिने कप वाजवला. ती बटाट्याचं शेत एकटीने सांभाळणारी, आडपडदा न ठेवणारी बाई.

"रोझेरचं वाईट वाटतं मला," ती म्हणाली. "पण ज्याला स्वतः कुठे जायचंय ते कळत नाही, त्याच्या हाती ग्रूमर कसा द्यायचा? पाय बरा झाला तरी पुढच्या हिवाळ्यापासून किल्ली दुसऱ्याकडे. कुणाची हरकत?"

"पिवळीला जुंपू ग्रूमरला," मागून कुणी म्हणालं. "धुरानेच बर्फ वितळेल." हशा झाला. झनीन तव्याकडे तोंड करून उभी होती. तिचे कान लाल झालेले ऑरेलला दिसले.

"माझी हरकत आहे," ऑरेल म्हणाला.

"तू मेहुणा आहेस. तुझी असणारच."

"रोझेर खोटं बोलला. तो कुठे वळणार नव्हता. मी मूठ दाखवली."

हसू एकदम थांबलं. फर्नांदने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तिचा आवाज मऊ झाला. "होतं रे असं. वय झालं आपलं. तो मागे नाही असं तुला वाटलं असेल."

निसटायला दार उघडं होतं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं, आणि सगळ्यांना तेच हवं होतं. ऑरेलची जीभ त्या 'हो'पर्यंत गेलीसुद्धा. पण तव्यासमोरची पाठ आता वळली होती, आणि झनीन त्याच्याकडे बघत होती.

"नाही," तो म्हणाला. "मला माहीत होतं तो मागे आहे. मला त्याच्या गाडीची लाज वाटली. त्या लोकांसमोर. तो माझ्याबरोबर आहे हे दिसू नये म्हणून मी मूठ केली."

 तव्यावरचा प्लोय करपल्याचा वास आला. झनीनने पळी खाली ठेवली, एप्रन सोडला, खुंटीवरचा कोट घेतला आणि ती बाहेर पडली. दवाखान्याच्या रस्त्याने ती चालत जाताना खिडकीतून दिसत होती.

"किल्ली रोझेरकडेच राहील," शेवटी फर्नांद म्हणाली. "आणि ऑरेल, पोरांना खुणा शिकवायला आम्ही दुसरं कुणी बघू."

"बघा," ऑरेल म्हणाला. त्याने करपलेला प्लोय तव्यावरून काढला आणि उभ्याउभ्या खाल्ला, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं.

त्या हिवाळ्यात झनीन त्याच्याशी कामापुरतं बोलली. निळी गाडी गोठ्यात झाकून ठेवली गेली.

जूनमध्ये डॉक्टरांनी रोझेरला सायकल चालवायला सांगितलं. त्याने शेजारणीची जुनी, पुढे टोपली असलेली सायकल मागून आणली आणि ऑरेलच्या दारात येऊन घंटी वाजवली.

"चला, दाजी. ही म्युझियमवाली नाही, तिची आजी आहे."

ऑरेल निघाला. रुळवाटेवर आता खडी होती, कडेने ल्युपिनची जांभळी फुलं. रोझेर एका पायाने जोर देत हळूहळू पुढे चालला होता. ऑरेल मुद्दाम त्याच्या मागे राहिला. मग लोखंडी पूल आला. पुलापलीकडून सायकलवाल्यांचा एक जथा येत होता, रंगीत कपड्यांतला, अनोळखी.

उन्हाळ्यात त्या खुणा कुणी करत नाही. तरी रोझेरने हँडलवरचा हात उचलला आणि एक बोट उंच धरलं. माझ्या मागे एक आहे. सायकलवाल्यांना काही कळलं नाही. त्यांनी हसून हात हलवले आणि बाजूला होऊन थांबले. रोझेर पार होईपर्यंत बोट तसंच वर होतं.

आता ऑरेलची पाळी. त्याचा चेहरा तापला. मागे कुणी नाही हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने सायकल थांबवली, पाय टेकला आणि वळून पाहिलं, देवदारांच्या वळणापर्यंत सबंध रिकामी वाट नीट पाहिली. मग हात वर केला आणि मूठ मिटली.