शिंप्याचा वकील

तुरुंगाच्या दवाखान्यातल्या त्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची आणि जमिनीला ठोकलेलं बाकडं होतं. बाकड्यावर शिंपी बसला होता. शेजाऱ्याला पोटात कात्री खुपसून मारल्याचा आरोप त्याच्यावर होता. त्याने ते केलं की नाही, हे खुर्चीवर बसलेल्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरबाईंना ठरवायचं नव्हतं. खटला त्याला समजेल का, एवढंच कोर्टाला सांगायचं होतं.

"न्यायाधीश काय करतात?"

"दोन्ही बाजू ऐकतात, निकाल देतात."

"गुन्हा शाबीत झाला तर?"

"जन्मठेप. नाहीतर फाशी."

पाढे म्हणावेत तशी बिनचूक उत्तरं. दाराशी उभा हवालदार पुटपुटला, "चांगला शहाणा आहे, बाई. उगाच वेळ घालवताय." बाईंनाही तसंच वाटू लागलं होतं. पण शिंप्याने बाकड्याची कड इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"तुमचे वकील काय करतात?"

तो दाराकडे बघत हळूच म्हणाला, "ते वकील नाहीत, बाई. तो माझा शेजारीच आहे. काळा कोट घालून येतो. म्हणतो, खरं सांग, मी तुला वाचवतो."

"मग तुम्ही काय सांगता?"

"मेलेल्या माणसाला काय सांगणार? ताई म्हणाली, विचारतील तेवढंच बोल, नाहीतर वेड्यांच्या इस्पितळात टाकतील. म्हणून पाठ केलं सगळं."



तेवढ्यात दार उघडून वकील आत आले. पोरसवदा, हसतमुख. "झालं का, बाई?"

शिंपी ओरडला नाही. एका झेपेत तो बाईंच्या खुर्चीमागे दडला. टेबलावरचं पेन त्याच्या मुठीत होतं, टोक बाईंच्या मानेपासून वीतभर. त्याचे दात कडकड वाजत होते.

"वकीलसाहेब, बाहेर जा," बाई म्हणाल्या. "सावकाश. हवालदार, तुम्ही हलू नका."

दार लागलं. बऱ्याच वेळाने पेन खाली पडलं.

बाईंनी 'खटल्यास असमर्थ' असं लिहिलं. बाहेर शिंप्याची थोरली बहीण उभी होती. "कधी सोडतील त्याला?"

"आधी मनोरुग्णालयात बरा होऊ दे."

"आणि बरा झाला की खटला?"

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

पाच महिन्यांनी त्या त्याला पुन्हा तपासायला गेल्या. तो अंगाने भरला होता, औषधं वेळेवर घेत होता.

"तुमचे वकील कोण?"

"वकीलच. भला मुलगा आहे. म्हणजे शेजारी खरंच गेला. मीच मारला. तेव्हा त्याची भीती वाटायची, बाई. पण तो होता तरी. आता रात्रंदिवस माझीच भीती वाटते."

बाईंनी बराच वेळ त्याला रडू दिलं. मग सगळे प्रश्न पुन्हा विचारले. या वेळी त्याने एकही उत्तर पाठ केलेलं नव्हतं.

त्यांनी 'समर्थ' असं लिहून सही केली. खटल्याच्या दिवशी मात्र त्या कोर्टाकडे फिरकल्या नाहीत. धीरच झाला नाही.