तुम्ही म्हणजे कोण?

मे महिन्यात माझ्या आईला लोकांची लग्नं मोजायचं काम मिळालं.

किती झाली ते नाही, कशी चाललीत ते. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेचा सर्व्हे होता. मोबाईलवर प्रश्न उघडायचे, मुलंबाळं असलेल्या नवराबायकोला विचारायचे आणि पाच गोलांपैकी एकावर बोट ठेवायचं. पहिला गोल ‘अजिबात समाधानी नाही’, शेवटचा ‘पूर्ण समाधानी’. आईनं याआधी पाण्याचा सर्व्हे केलाय, शौचालयांचा केलाय, डासांचाही केलाय.

“डासांचा बरा होता,” ती म्हणाली. “डास निदान दिसायचे तरी.”

मी तिच्यासोबत जायचं ठरवलं. दहावीचे क्लास अजून सुरू व्हायचे होते आणि मी नुकतीच आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. दोन वर्षांपूर्वी हजेरीला ‘येस मॅडम’ म्हणतानाही माझा आवाज फाटायचा. आणि आता! नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत वॉचमनकाकासुद्धा मला ‘या, वक्तेबाई’ म्हणतात. माझी तर खात्रीच झाली होती की जगातल्या सगळ्या अडचणी म्हणजे कुणीतरी नीट न विचारलेले प्रश्न आहेत.

सिन्नरच्या स्टँडवर आम्ही जीप भरायची वाट बघत बसलो होतो, तेव्हा आई एकदम म्हणाली, “तेजू, चांदवडला मुलींच्या वसतिगृहात रेक्टरची जागा आहे. मामानं विचारून ठेवलंय. राहायला खोली देतात.”

“राहायला कशाला? जाऊन येऊन कर ना.”

“रेक्टर रात्री घरी जाते का कुठं?”

“मग मी? पप्पा?”

“तुझी दहावी आहे, तू इथंच. मी शनिवार-रविवारी येईन जमेल तसं.” ओढणीनं मान पुसत ती जीपवाल्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. “सोमवारी कळवायचंय.”

“पप्पा काय म्हणाले?”

“‘बघू’ म्हणाले.”

आमच्या घरात भांडणं होत नाहीत. साक्षीच्या घरी होतात, अगदी ताटं आपटून होतात, आणि दुसऱ्या दिवशी तिचे आईबाबा गाडीवर बसून भाजी आणायला जातात. आमच्याकडे तसलं काही नाही. पप्पा पहाटे कंपनीच्या बसनं सिन्नरच्या एमआयडीसीत जातात, दुपारी येऊन आडवे होतात. आई उन्हातून फिरून येते आणि कुकर लावते. जेवताना दोघं टीव्हीकडे बघत बसतात. टीव्ही बंद असतो.

जीपमध्येच मी ठरवलं. सगळ्या घरांची उत्तरं नीट बघायची आणि संध्याकाळी आईला दाखवून द्यायचं की बघ, सगळ्यांचं असंच असतं, आपलं तर बरंय, तू जाऊ नको. एकदम मुद्देसूद.

पण उत्तरं बघून मी चाटच पडले. पहिल्या घरात पूर्ण समाधानी. दुसऱ्या घरात पूर्ण समाधानी. तिथली बाई तर उत्तर देताना डोळे मिटून भिंतीला टेकली होती. हे खरं असेल तर आमचंच घर जिल्ह्यात शेवटचं!

तिसरं घर धोंडीराम आणि साळूबाईंचं. कांदा साठवायच्या चाळीशेजारी पत्र्याची सावली, तिथं साळूबाई सडका कांदा बाजूला काढत बसलेल्या. धोंडीरामकाका बाजेवर.

“दोघांना वेगवेगळं विचारायचं असतं,” आई म्हणाली.

“आमचं काय वेगळं हाय? इथंच इचारा.”

आईनं मोबाईल डोळ्यांजवळ धरून वाचलं. “तुमच्या वैवाहिक आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?”

“आम्ही लय समाधानी हाय,” काका म्हणाले. “लिवा, लय.”

“आणि काकू, तुम्ही?”

“आता सांगितलं ना ह्यांनी.”

“ते त्यांचं झालं. तुम्ही?”

“तेच की. आम्ही.”

आईचं बोट शेवटच्या गोलावर गेलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घोटाळा त्या ‘तुम्ही’चा होता! पुण्यात कुणीतरी एसीत बसून आदरानं ‘तुम्ही’ लिहिलं. इथं बाईला वाटतं, दोघांना मिळून विचारतायत. मग ती दोघांचं मिळून सांगते, म्हणजे नवरा सांगेल ते. तिला एकटीला विचारायचं असेल तर ‘तू’ म्हणायला पाहिजे. अनोळखी बाईला ‘तू’ म्हणायची आईची छाती होणार नाही. माझी झाली.

काका आईला मुलाच्या नोकरीचं सांगत बसले तेवढ्यात मी साळूबाईंच्या पुढ्यात उकिडवी बसले. “मावशी, तू सांग. तू. एकटी. तू समाधानी आहेस का?”

“मी व्हय?” त्यांचा हात पाटीवर थांबला. मग तोंडाला पदर लावून हसल्या. “काय बाई धिटुकली पोर! अगं, मी दमलीय. दमल्याव सगळंच सारखं लागतं. गोड काय न् कडू काय.”

“मग मी काय लिहू?”

“लिव की, बाई कांदे निवडतीय.”

तसला गोल नव्हता.

परतीच्या जीपमध्ये मी आईला सगळं समजावलं, अगदी हातवारे करून. सर्व्हेच चुकलाय, संस्थेला कळव, मी पत्र लिहून देते. शेजारचे आजोबा कान देऊन ऐकत होते.

“अनोळखी माणसांना अरे-तुरे करायचं नाही,” आई एवढंच म्हणाली.

“बरं. तू तर माझी आई आहेस. मी तुला तूच म्हणते. तू समाधानी आहेस का?”

जीप मोहदरीचा घाट उतरत होती.

“पाण्याची बाटली दे,” ती म्हणाली.

घरी पोचलो तर पप्पा हॉलमध्ये फरशीवर पडलेले, कंपनीची पँट तशीच, पंखा पाचवर. आई सरळ ओट्याशी गेली. आमचा ओटा हॉलमधून दिसतो, तिथलं बोललेलं इथं आणि इथलं तिथं सगळं ऐकू जातं. मला ते चालणारच होतं. उलट तेच पाहिजे होतं.

“पप्पा, एक प्रश्न. तुमच्या वैवाहिक आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?”

“आहोत की.” डोळे मिटलेलेच. “चाललंय.”

बघा! मी मोठा श्वास घेतला. “पप्पा, तू.”

एक डोळा उघडला. “काय म्हणालीस?”

“तू. एकटा शेखर.”

“कार्टे, बापाला?”

“सर्व्हे आहे, पप्पा. नाव गुप्त ठेवतात.”

ओट्याशी डाळ धुण्याचा आवाज थांबला. पप्पा कोपरावर उठून बसले. मला वाटलं, आता ओरडणार. पण त्यांनी नुसती मान खाजवली.

“आईनं तुला चांदवडचं सांगितलं वाटतं.”

“हो! आणि तुम्ही ‘बघू’ म्हणालात. बघू काय? जाऊ नको म्हणा ना!”

“मी म्हटलं तर ती राहील.”

“तेच तर!”

“म्हणूनच म्हणत नाही.”

पप्पा फरशीकडे बघत बोलत होते, माझ्याशी की फरशीशी, कळत नव्हतं. “दारोदार फिरते ती. कुणी बस म्हणतं, कुणी दारातून हाकलतं. तिथं सावलीत काम आहे, पगाराचं काम आहे. मी अडवून काय करू? घरी आल्यावर तर मी असा पडलेला असतो. हिनं कुठल्या कामाला बोलवू नये असंच वाटतं मला. आणि ही बोलवत नाही. चांगली आहे म्हणून बोलवत नाही.”

“चांगली आहे म्हणून नाही,” ओट्याशेजारून आई म्हणाली. हातात डाळीचं पातेलं तसंच. “बोलवलं तर उठाल, आणि उठलात की तुमचं दमलेलं तोंड बघवत नाही. म्हणून.”

“बरं, तसं.”

“मला वाटलं, तुम्हाला काही पडलेलंच नाही. मी जाते म्हटलं, तुम्ही बघू म्हणालात आणि झोपलात.”

“झोप आली होती.”

“बायको घर सोडून जाते म्हणतेय आणि माणसाला झोप येते?”

“फर्स्ट शिफ्टला येते, आशा.”

मला वाटलं, आई आता चिडणार. पण तिच्या नाकातून एक फुस्स आवाज निघाला. ती हसली होती. पातेलं ओट्यावर ठेवून ती पप्पांसमोर फरशीवर येऊन बसली, भिंतीला टेकून, पाय लांब करून. आई फरशीवर बसलेली मी कितीतरी दिवसांत बघितली नव्हती.

मी टाळीच वाजवली. “मग झालं तर! म्हणजे तू नाही जाणार!”

“जाणार,” आई म्हणाली.

“आँ?”

“इतके दिवस पळून जातेय असं वाटत होतं. म्हणून कळवत नव्हते. आता जाईन.”

“अगं, पण आता तर सगळं... पप्पा, सांगा ना तिला!”

“सांगतोय काय मी,” पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक झाला होता. “दहावीचं मी बघतो हिचं. डबा जमेल मला. पोळ्या नाही जमणार.”

“पोळ्या कोपऱ्यावरच्या कुसाबाई देतील. बोलून ठेवते.”

मला रडायला येत होतं आणि रडायला सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं. कुणी माझ्याकडे बघतच नव्हतं. मी सोफ्याला पाठ लावून खाली घसरले. पाय भयंकर दुखत होते. दिवसभरात ते लक्षातच आलं नव्हतं.

“खोली कुठल्या तोंडाची आहे?” पप्पांनी विचारलं.

“पश्चिमेच्या.”

“मग दुपारचं ऊन येत असेल.”

“येतंच. मामा म्हणाला, खिडकीला काही नाहीये.”

“जाड पडदा लागेल. मी येतो एखाद्या रविवारी, रॉड ठोकून देतो. माप घेतलंय का खिडकीचं?”

“कुठलं घेतेय. मी अजून बघितली पण नाही खोली.”

“मग आधी बघून ये. नाहीतर मीच येतो सोबत. सोमवारी सुट्टी टाकतो.”

आईनं त्यांच्याकडे वळून बघितलं. पंखा गरगरत होता, डाळ पातेल्यात भिजत होती, कुकर कुणीच लावत नव्हतं.

“रंग कुठला घेऊ?” तिनं विचारलं.

पप्पा छताकडे बघत विचार करायला लागले.